तीन किलोमीटरच्या वर्तुळातली शाळा

देशात १४ लाख ७१ हजार शाळा आहेत आणि त्यांत २४ कोटी ६९ लाख मुले शिकतात. २०२४-२५ च्या यूडायस, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातल्या, नोंदींतला हा हिशेब. त्यातल्या १ लाख ८ हजारांच्या आसपास शाळा एकट्या महाराष्ट्रात. बदलीमुळे किंवा नोकरीच्या शोधात सावंतवाडीहून मुंबईला येणाऱ्या कुटुंबाला एवढ्यातली एकच हवी असते: मूल दमणार नाही इतकी जवळ, आणि दहा वर्षे फी झेपेल अशी.

जवळ म्हणजे किती, हे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी ठरवले आहे. पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. हे तीन किलोमीटर कोकणात धरले तर मोजकीच गावे आणि वाड्या आत येतात. मुंबईत काय होते पाहा. तीन किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे २८ चौरस किलोमीटर जमीन मावते. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख ४२ हजार होती, क्षेत्रफळ साधारण ४३८ चौरस किलोमीटर. सरासरीने त्या एका वर्तुळात आठ लाख माणसे राहतात. त्याच जनगणनेत ५,२०७ चौरस किलोमीटरच्या अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाख भरली होती. म्हणजे जवळजवळ एका जिल्ह्याएवढी वस्ती, आणि तिथल्या प्रत्येक आईबापाला जूनमध्ये त्याच वर्तुळातली शाळा हवी.

मग लोक लांबची शाळा धरतात. ‘चांगली आहे, व्हॅन येते’ एवढ्यावर निर्णय होतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण तासांचा हिशेब कुणी मांडतच नाही. कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायला हवे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. आठ वर्षांचे मिळून ७,००० तास. जाताना एक तास आणि येताना एक तास धरा. मुंबईच्या रस्त्यांवर हे काही जास्त नाही. आठ वर्षांत मूल ३,३२० तास गाडीत बसते. जितके शिकते त्याच्या जवळजवळ निम्मे. ते तास खेळाचे होते, झोपेचे होते, आजीशी गप्पा मारण्याचे होते. कोणत्याही शाळेच्या माहितीपत्रकात हा आकडा छापलेला नसतो.

आता पैसे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे तीच राहते. पहिलीची फी वर्षाला एक लाख आणि दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरली, तर नववी-दहावीला ती पावणेदोन लाखांवर पोचते आणि पहिली ते दहावी एका मुलाचे मिळून साडेतेरा लाखांच्या जवळ जातात. दोन मुलांचे २७ लाख. बस, गणवेश, वह्या-पुस्तके, शिकवणी वेगळी.

यावर उतारा म्हणून शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के राखीव जागा आहेत. २०२५-२६ साठी राज्यात अशा सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज आले तीन लाखांहून अधिक. सोडतीत नाव लागले नाही की दार बंद. शिवाय प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात. चौथीतल्या मुलाला घेऊन आलेल्या कुटुंबाला याचा उपयोग नाही. खुल्या प्रवर्गासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख. महिना पंचवीस हजार कमावणारा बाप त्या रेषेच्या कितीतरी वर, आणि लाखाच्या फीच्या कितीतरी खाली. शहरात नव्याने आलेली असंख्य कुटुंबे नेमकी या दोन्हींच्या मधे अडकतात. ही मर्यादा शहरातल्या घरभाड्याकडे पाहून ठरवलेली नाही, हे स्पष्ट आहे.

म्हणूनच महापालिकेची किंवा अनुदानित शाळा सर्वांत आधी पाहावी, नाइलाज म्हणून शेवटी नव्हे, असे मी आग्रहाने सांगेन. मुंबई महापालिकेच्या अकराशेहून अधिक शाळा आहेत, आठ माध्यमांच्या. सरासरी काढली तर एक किलोमीटरच्या वर्तुळात आठ येतात. अर्थात एकाच इमारतीत तीन-चार माध्यमांच्या शाळा भरतात, तेव्हा इमारती कमीच. तिथे फी नाही, वर गणवेश-दप्तरापासून २७ वस्तू मिळतात. २०२५-२६ चा महापालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प ३,९०० कोटींच्या वर होता. या शाळांत तीन लाखांहून अधिक मुले आहेत. म्हणजे पगार, इमारती सगळे धरून एका मुलामागे लाखाच्या वर रक्कम. हा पैसा आपल्याच करातला आहे, त्यामुळे शाळेत जाऊन वर्ग पाहण्यात संकोच कसला?

पाहताना रंगरंगोटीला भुलू नये. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. त्यावरून शिक्षक किती, वर्गखोल्या किती, स्वच्छतागृहे किती, हे घरबसल्या कळते. पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे. गुणोत्तर याच्या बरेच पुढे गेले असेल, तर मुख्याध्यापकांना तसे सरळ विचारावे.

आणि ऑक्टोबरात आलात, जुन्या शाळेने दाखला अडवून ठेवला, जन्माचा दाखला गावी राहिला, तरी सहा ते चौदा वयाच्या मुलाला सरकारी किंवा महापालिकेच्या शाळेने या कारणांनी परत पाठवता येत नाही. कुठल्याही शाळेने प्रवेशासाठी लहान मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेतली, तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. डोनेशन घेतले, तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत.