टेकडीची रेघ आणि कर्वेनगरचे फोटो

जुना फोटो ज्या जागेवरून काढला, तीच जागा शोधून तिथून पुन्हा फोटो काढण्याला पुनर्छायाचित्रण म्हणतात. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या अखेरीस मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पश्चिम भागाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षण-छायाचित्रांवर असे काम केले आणि या पद्धतीला शिस्त आली. पुण्याच्या पेठांत ते तुलनेने सोपे जाते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा किंवा मंडईची इमारत जागच्या जागी आहे. तिथून मोजायला सुरुवात करता येते. कर्वेनगरात मात्र जुन्या फोटोत पुष्कळदा रस्ताच नसतो.

कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम 1900 मध्ये इथल्या माळावर एका झोपडीत आला. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत आणि काम आटोपल्यावर कित्येक मैल चालत आश्रमात येत. पावसाळ्यात ही वाट चिखलाची होई. आज शहरातून त्याच दिशेने कर्वे रस्ता येतो. नळ स्टॉपजवळ 2022 पासून खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असे तीन थर आहेत. पौड फाट्याला मेट्रो वनाझकडे वळते आणि कर्वे रस्ता कोथरूडवरून कर्वेनगरकडे जातो.

अशा ठिकाणी आधी टेकडीची रेघ शोधावी. उत्तरेला वेताळ टेकडी आणि दक्षिणेला मुठा या दोन खुणा हललेल्या नाहीत. टेकडीच्या माथ्यावरची एखादी खोबण जुन्या फोटोत कोणत्या झाडाच्या किंवा छपराच्या बरोबर वर येते, ते बघायचे. फोटो काढणारा दोन पावले डावीकडे सरकला तरी जवळची वस्तू मागच्या रेघेवर बरीच सरकते, लांबची जवळजवळ हलत नाही. दोन्ही पुन्हा जुळल्या की उभे राहण्याची दिशा मिळते. अशी दुसरी जोडी जुळली की जागा मिळते. अडचण अशी की, कर्वेनगरच्या गल्ल्यांतून आता इमारतींमुळे टेकडीच दिसत नाही. मग एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर चढून आधी दिशा पक्की करावी लागते. ती उंची मूळ फोटोत नसते, म्हणून असा फोटो शेजारी ठेवताना गच्चीवरून काढल्याचे प्रामाणिकपणे लिहायलाच हवे.

फोटोचे साल ठरवायला पाट्या फार उपयोगी पडतात. पुण्याचे दूरध्वनी क्रमांक आधी सहा, मग सात आणि पुढे आठ आकडी झाले. दुकानाच्या पाटीवरचे आकडे मोजले की काळ बराच आवळता येतो. बसवर ‘पीएमटी’ असेल तर फोटो बहुधा 2007 च्या आधीचा, कारण त्या वर्षी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा मिळून पीएमपीएमएल झाली. मात्र जुनी पाटी दुकानदार वर्षानुवर्षे बदलत नाही, म्हणून एकाच खुणेवर भिस्त ठेवू नये. नदीकाठच्या फोटोंना आणखी एक सीमारेषा आहे: 12 जुलै 1961. पानशेतचे धरण फुटल्यावरचे पाणी मुठेतूनच शहरात शिरले, त्यामुळे काठावरचा फोटो पुराआधीचा की नंतरचा, हे आधी ठरवावे.

सगळ्यात मोलाची खूण त्या आश्रमातूनच वाढलेल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात आहे. आश्रमाची ती पहिली झोपडी तिथे स्मारक म्हणून जपलेली आहे. झोपडी मध्यभागी ठेवून चारही दिशांना दर काही वर्षांनी एकाच उंचीवरून, शक्यतो त्याच महिन्यात आणि दिवसाच्या त्याच वेळी फोटो घेतले, तर सावल्या आणि झाडांची पाने सारखी येतात आणि खरोखर बदललेले तेवढेच डोळ्यांत भरते. प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा आणि कॅमेऱ्याची दिशा नोंदवून ठेवावी. घरोघरच्या अल्बममधल्या लग्नाच्या, मुंजीच्या फोटोंतही मागे मोकळे माळ दिसतात. त्या फोटोंच्या पाठीवर पेन्सिलने एवढे चार शब्द लिहिलेले असले, तरी पुढच्याला जागा सापडते.