घराण्याचा इतिहास लिहिताना

"आपले पूर्वज समुद्रमार्गे आले," असे जामसंड्यापासून रत्नागिरीपर्यंत अनेक मुस्लिम घरांत सांगतात. ते खरेही असेल. पण लिहिताना आपण स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जावे, असे आम्हाला वाटते.

निकाहनामा, सातबारा, फेरफार, कबरीवरचा हिजरी सन, हे पुरावे जवळच असतात. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून इसवी सन पडताळून लिहावे. मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. त्याआधीच्या कागदांवर रत्नागिरी जिल्हा दिसेल. वंशावळीत मुलींची नावे गळतात. निकाहनाम्यात ती सापडतात.

मग काळाची जोड द्यावी. "पणजोबा १९४२ साली बोटीवर गेले, परतले नाहीत," एवढेच एखाद्या घरात ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे हजारो भारतीय खलाशी मृत्यू पावले, हे शेजारी लिहिले की त्या ओळीचा अर्थ नातवंडांना कळतो.

पुरावा असेल ते ठामपणे लिहावे. ऐकीव ते "असे सांगतात" म्हणून. कागद थांबतील, पण दादी-नानीच्या आठवणी थांबणार नाहीत. त्या आधी लिहून घ्या.