आडवा वारा आणि पेडल नसलेले विमान

नदी ओलांडणारा नावाडी होडीचे तोंड थेट समोरच्या घाटाकडे धरत नाही. प्रवाह होडीला वाहून नेणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो तोंड थोडे प्रवाहाच्या विरुद्ध वळवतो आणि होडी तिरकी तिरकी जात नेमकी घाटाला लागते. धावपट्टीवर आडवा वारा असला की वैमानिकही तेच करतो. नाक वाऱ्याकडे, चाल मात्र सरळ.

खरी पंचाईत जमिनीला टेकताना होते. चाके धावपट्टीच्या दिशेने हवीत आणि विमान तर तिरके! म्हणून बहुतेक छोट्या विमानांत वैमानिक शेवटच्या क्षणी पायाने पेडल दाबून शेपटीचे सुकाणू वळवतो, नाक सरळ करतो आणि हाताने वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरतो. हात एक करतात, पाय दुसरेच! नवशिक्यांची इथेच तारांबळ उडते.

फ्रेड वाईक या अमेरिकन इंजिनिअरने पेडलेच काढून टाकली. त्याचे 'एरकूप' विमान १९३७ साली पहिल्यांदा उडाले. कारखाना मेरीलँडमधल्या रिव्हरडेलला होता. मोटारीसारखे एक चक्र फिरवले की पंखांच्या झडपा, शेपटीची दोन सुकाणी आणि नाकाखालचे चाक एकदम वळत. मग आडव्या वाऱ्यात नाक सरळ कसे करायचे? करायचेच नाही. तिरकेच टेकवायचे!

ऐकून धडकी भरते ना? पण सुपरमार्केटमधली ट्रॉली आठवा. तिची मागची चाके पक्की असतात, पुढची गरागरा फिरतात. ती जराशी तिरकी ढकलून सोडली तर आपोआप सरळ होते. तीच उलटी ढकलली तर गर्रकन फिरते. (हा प्रयोग आईबाबांना विचारून, आणि रिकाम्या ट्रॉलीवरच!) एरकूपची मुख्य चाके विमानाच्या भाराच्या जरा मागे आहेत. तिरके टेकले की जमिनीचे घर्षण मागचा भाग ओढते आणि नाक आपसूक चालीच्या दिशेला येते. त्या क्षणी वैमानिकाने चक्र घट्ट न धरता सैल सोडायचे असते. आडवा धक्का सोसायला चाकांचे पायही मजबूत आहेत. याउलट पायपर कबसारख्या शेपटीला चाक असलेल्या विमानांत मुख्य चाके भाराच्या पुढे असतात, म्हणजे उलटी ट्रॉलीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे विमान मेसीजसारख्या दुकानांतही विकायला ठेवले होते! मुरलेल्या वैमानिकांना मात्र पेडल नसणे फारसे रुचले नाही. पुढे काही एरकूपना पेडले बसवलीही गेली. माझ्या मते मूळचे बिनपेडलचेच खरे, कारण पाय चालत नसलेल्या अनेकांना त्यामुळेच उडता आले. ॲरिझोनाच्या जेसिका कॉक्सला तर जन्मापासून दोन्ही हात नाहीत. २००८ साली तिने वैमानिकाचा परवाना मिळवला तो एरकूपवरच. एक पाय चक्रावर, दुसरा इंजिनाच्या दांड्यावर.