मल्टिमीटर कोणता घ्यावा?

मल्टिमीटर विकत घ्यावयास गेलेल्या गृहस्थाची दृष्टि प्रथम त्याच्या फिरत्या चकतीवर जाते. चिन्हें जितकीं अधिक तितका मीटर उत्तम, असा एक समज आहे. वस्तुतः घरीं लागणारीं मापें अद्यापि तीनच : दाब, प्रवाह व रोध. हीं तीन यंत्रें निरनिराळीं वागविण्यास कंटाळून ब्रिटिश टपाल खात्यांतील डोनाल्ड मॅकॅडी या अभियंत्यानें तीं एका पेटींत आणलीं, आणि १९२३ सालीं 'अ‍ॅव्होमीटर' विक्रीस आला. अँपिअर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांचेंच तें नांव होय.

पहिल्यानें पाहावयाचें तें निराळेंच आहे. तारा खोंवावयाच्या भोंकांजवळ बारीक अक्षरांत मीटरचा वर्ग छापलेला असतो. पॉइंटला जोडावयाचीं उपकरणें वर्ग दोनमध्यें, इमारतींतील कायमचें वायरिंग व वितरणफलक वर्ग तीनमध्यें, आणि बाहेरून येणारी सर्व्हिसची तार वर्ग चारमध्यें मोडते. घरांत दाब २३० व्होल्ट. मग ६०० काय आणि १००० काय, असें कोणासहि वाटेल. परंतु जवळपास वीज कोसळली किंवा एखादें मोठें यंत्र एकाएकीं बंद झालें, म्हणजे तारांतून क्षणभर हजारों व्होल्टांची लाट येऊं शकते. 'वर्ग दोन, १००० व्होल्ट' व 'वर्ग तीन, ६०० व्होल्ट' हे दोन्ही मीटर ६००० व्होल्टांच्याच लाटेवर पारखले जातात. मात्र पहिल्याच्या पारखींत मार्गांत १२ ओहमांचा रोध असतो, दुसऱ्याच्या अवघा २ ओहमांचा. म्हणजे एकीकडे ५०० अँपिअर, दुसरीकडे ३०००. मुख्य फलकाशीं हात घालणाऱ्यास १००० हा आंकडा फसवितो तो असा. घरासाठींहि वर्ग तीनचाच मीटर घेणें शहाणपणाचें.

त्याखालोखाल फ्यूज. प्रवाह मोजावयाच्या भोंकांत तार राहून गेली आणि तसेच प्रोब पॉइंटमध्यें घातले, तर तें सरळ शॉर्ट सर्किटच होय. वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज तो प्रवाह तोडतो. कांचेच्या लहानशा फ्यूजवर तसा भरंवसा ठेवतां येत नाहीं. कित्येक स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या भोंकास फ्यूज मुळींच नसतो. विक्रेता हें आपण होऊन सांगेल अशी अपेक्षा करूं नये. तसें तेथें छापलेलेंहि असतें, तें वाचावें.

वायरमनच्या गरजा थोड्या अधिक. साधा मीटर लाट शुद्ध ज्यावक्री आहे असें गृहीत धरतो. म्हणून चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर २३० व्होल्टांच्या जागीं तो सुमारें २५५ दाखवितो व गिऱ्हाईक उगीच घाबरतें. 'ट्रू आरएमएस' मीटरांत हा दोष नाहीं. तसेंच, डिजिटल मीटरचा रोध सामान्यतः १ कोटि ओहम असल्यानें चालू तारेशेजारून नुसती गेलेली निर्जीव तारहि कित्येक व्होल्ट दाखविते. कमी रोधाचें माप असलेल्या मीटरवर ही भुताटकी नाहींशी होते.

प्रोबांवरहि वर्ग छापलेला असतो. मीटर व प्रोब यांपैकीं ज्याचा वर्ग हलका, तोच सबंध जोडणीस लागू पडतो.