गोळी 'गरम' पडली की ऊन बाधले?

'डॉक्टरच्या गोळ्या गरम पडल्या, अंगावर उठलं' हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये नेहमी ऐकू येते. त्यावरचा उपायही ठरलेला असतो : गोळी बंद करायची आणि सब्जाचे पाणी प्यायचे. सब्जाने काही बिघडत नाही. पण रक्तदाबाची किंवा टीबीची गोळी मनाने बंद केली तर जिवावर बेतू शकते. म्हणून अंगावर नेमके काय उठले आणि का उठले, हे समजून घेऊ या.

असे का होते?
पोटात घेतलेले औषध रक्तातून कातडीपर्यंत पोचते. काही औषधे तिथे उन्हातील अतिनील किरण शोषून घेतात आणि त्या ऊर्जेने आसपासच्या पेशींना इजा होते. एरवी दिवसभराचे ऊन सोसणाऱ्या माणसाची कातडी मग थोड्या वेळातच भाजते. हा झाला पहिला प्रकार. यात काही तासांतच आग होते, कधी फोड येतात. दुसरा प्रकार अॅलर्जीचा. त्यात एक ते तीन दिवसांनी खाजरे पुरळ उठते आणि ते झाकलेल्या भागावरही पसरू शकते. हा त्रास प्रत्येकाला होतोच असे नाही.

ओळखायचे कसे?
पुरळ कुठे आहे ते पाहा. चेहरा, मानेची मागची बाजू, गळ्याखालचा उघडा भाग, हातांची वरची बाजू आणि पावले यांवर त्रास आहे. पण ब्लाऊजच्या बाहीखाली, हनुवटीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली कातडी चांगली आहे, तर उन्हाचा संबंध असण्याची शक्यता मोठी.

'आपली कातडी सावळी, आपल्याला ऊन लागत नाही' हा समज खरा नाही. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, एवढेच. आग, खाज आणि नंतर काळे चट्टे होतातच.

कोणती औषधे?
• डॉक्सीसायक्लिन : पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून, तसेच मुरुमांसाठी देतात.
• हायड्रोक्लोरोथायझाइड : रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांत असते; नावापुढे बहुधा 'एच' असतो.
• सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन : जुलाब आणि लघवीच्या संसर्गावर.
• ग्रिसिओफुल्विन : गजकर्णावर.
• पायराझिनामाइड : टीबीच्या औषधांतील एक.
• नॅप्रोक्सेन, पिरॉक्सिकाम या दुखण्यावरच्या गोळ्या आणि किटोप्रोफेनचे मलम.

झाडपाल्याचे औषध म्हणजे निर्धोक, असेही नाही. कोडावर लावतात त्या बावचीत सोरालेन असते. ते लावून मनाने उन्हात बसल्यास मोठे फोड येतात.

काम उन्हातच असेल तर?
'उन्हात जाऊ नका' हा सल्ला नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला, सफाई कामगाराला किंवा भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या ताईला देऊन उपयोग नाही. त्यांचा रोज बुडेल. पण काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत. घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. पदर, ओढणी किंवा उपरणे मानेवरून घ्यावे, रुंद काठाची टोपी किंवा छत्री वापरावी. सकाळी अकरा ते चार या वेळात जमेल तेवढे काम सावलीत उरकावे. ढगाळ हवेत आणि खिडकीच्या काचेतूनही हे किरण येतात. परवडत असेल तर उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचे सनस्क्रीन लावावे. पण कापडाचे झाकण स्वस्त आणि भरवशाचे. औषध संपल्यावरही काही दिवस ही काळजी घ्यावी.

कातडी भाजलीच तर सावलीत या, गार पाण्याची पट्टी ठेवा. बर्फ, चुना, लिंबू, टूथपेस्ट लावू नका. फोड फोडू नका. दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे किंवा गोरे करणारे मलम तर नकोच. त्याने कातडी पातळ होते, त्रास वाढतो.

तोंडात किंवा डोळ्यांत फोड, ताप, कातडी सोलून निघणे, चेहऱ्यावर सूज किंवा श्वासाला त्रास, यांपैकी काहीही झाले तर पुढची गोळी घेण्याआधी तडक मोठे इस्पितळ गाठा. टीबीच्या गोळ्या चालू असताना कसलेही पुरळ आले तर त्याच दिवशी केंद्रावर दाखवा.

डॉक्टरला काय सांगायचे?
ओपीडीत गर्दी असते, दोन मिनिटे मिळतात. त्यात एक वाक्य आपण होऊन सांगा : 'मी दिवसभर उन्हात काम करतो.' आणि एक प्रश्न विचारा : 'या गोळीने ऊन बाधते का?' बऱ्याच वेळा दुसरी गोळी देता येते, पण ती बदलायची डॉक्टरांनी. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. आपल्या शरीरात काय जाते हे जाणून घेण्याचा हक्क आपला आहे.