तेल सोडावे की भाकरी?

हल्ली मोबाईलवर आहाराच्या चित्रफिती घरोघरी फिरतात. एकीत सांगतात, तेल-तूप बंद करा. दुसरीत सांगतात, भात-भाकरी सोडा, तूप खुशाल खा. मग ऐकावे कोणाचे?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने मधुमेह नसलेल्या ६०९ स्थूल व्यक्तींमध्ये या दोन आहारांची तुलना केली. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलो, तर कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे ६ किलो घटले. म्हणजे फरक नगण्य. साखर व मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, हे मात्र दोन्ही गटांना सांगितले होते. तेव्हा जो आहार आपल्याला वर्षभर निभावता येईल, तोच आपल्यासाठी चांगला.

मधुमेहींनी मात्र सावध असावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना भात-भाकरी एकदम सोडली, तर औषधाचे काम चालूच राहते व रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

चित्रफीत पाठविणाऱ्याला आपल्या गोळ्या ठाऊक नसतात. म्हणून आहार बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे.