दोन लिटरवरची गोळी

मामाजींच्या पलंगामागे, भिंतीवर ऑक्सिजनचा फ्लोमीटर होता. उभी पारदर्शक नळी, तिच्यात तरंगणारी एवढीशी गोळी, खाली बुडबुडणारी पाण्याची बाटली. गोळी दोनच्या रेघेवर होती. पहाटे साडेतीनला त्यांची धाप मला बघवेना. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी चावी फिरवली आणि गोळी सहावर नेली. बोटाला लावलेल्या चिमट्याचा आकडा 89 वरून 97 वर चढला. मामाजींची तडफड थांबली, डोळे मिटले. रात्रभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

अर्ध्या तासाने सिस्टर आल्या. 97 पाहून कुणाचा चेहरा उतरतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी आधी गोळी खाली आणली, मग मामाजींचा खांदा हलवला. "काकाजी, डोळे उघडा. हात समोर करा. पंजे वर, गाडी थांबवतो तसे." हात कसेबसे समोर आले, पंजे वर झाले आणि मनगटातून फडफडू लागले. "ही झोप नाही भाऊ, गुंगी आहे," सिस्टर म्हणाल्या. "चावी तुम्ही फिरवली का?" मी हो म्हणालो. त्या ओरडल्या नाहीत, डॉक्टरांना बोलवायला गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोंदियातला तो डिसेंबर होता. विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून पेपरात ज्या गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं, ते हेच. धान निघालेलं असतं, राइस मिल रात्रंदिवस चालू असतात आणि घरासमोर शेकोट्या पेटतात. मामाजींना आधी साधी सर्दी झाली. मग बेडका हिरवा झाला, मग दोन पावलं चालली की दम. चौथ्या दिवशी उशीला उशी लावून बसल्या बसल्या रात्र काढली, तेव्हा आम्ही त्यांना आमगावहून इथे आणलं. घरात सगळे ज्याला दमा म्हणत होते, ते डॉक्टरांच्या कागदावर सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचं जुनाट दुखणं होतं, आणि ते एकदम उसळलं होतं.

मामाजींनी तीस वर्षं मिलमध्ये काढली, बहुतेक काळ भुशाच्या बाजूला. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा भुसाच निघतो. बॉयलरमध्ये तोच जळतो, आणि त्याची राख बहुतांशी सिलिका असते. "तोंडाले काही बांधत होते का?" डॉक्टर मॅडमनी विचारलं. "दुपट्टा होता ना जी," मामाजी म्हणाले. "घाम आला का सोडत होतो." बिडीचं त्यांनी सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

चावीबद्दल मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. खराब झालेल्या फुप्फुसाच्या निकामी कोपऱ्यांकडे शरीर रक्त फारसं जाऊ देत नाही. भरमसाट ऑक्सिजन दिला की ही राखण सुटते, कार्बन डायऑक्साइड रक्तात साचतो आणि माणूस शांतपणे गुंगत जातो. म्हणून अशा रुग्णात आकडा 88 ते 92 मध्येच ठेवायचा. टास्मानियात अँब्युलन्समधल्या 405 रुग्णांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सीओपीडी नक्की असलेल्यांपैकी ज्यांना मोजून ऑक्सिजन दिला, त्यांच्यातले मृत्यू सरसकट जोरात ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा 78 टक्क्यांनी कमी होते. कोविडने आपल्या सगळ्यांना चिमट्याचा आकडा वाचायला शिकवलं. तो कुणासाठी किती हवा, हे शिकवायचं मात्र राहून गेलं.

मास्कमधून दाबाने हवा देणारं बायपॅपचं मशीन पलंगाजवळ आणून ठेवलं होतं. उजाडेपर्यंत पंज्यांची फडफड थांबली, म्हणून ते लावावं लागलं नाही.

माझं खरं लक्ष वेधलं ते त्यानंतरच्या कामाने. मला वाटत होतं, छातीचा रुग्ण म्हणजे वाफ, सलाईन, अँटिबायोटिक आणि पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. इथे तर दर थोड्या वेळाने कुणी ना कुणी हृदयाकडेच वळत होतं. आल्याबरोबर ईसीजीची पट्टी काढलेली होती. सकाळी सातला पुन्हा काढली. फुगून पिंपासारख्या झालेल्या छातीवर चकत्या लावताना सिस्टर बोटाने फासळ्या मोजत खाली येत होत्या, चौथी, पाचवी. जागा चुकली की पट्टी भलतंच सांगते. रक्तात ट्रोपोनिन तपासायला दिलं होतं. का, तर हृदयाच्या झटक्यातही कधी छाती दुखत नाही, नुसती धापच लागते. ज्याला वीस वर्षं धाप आहे, त्याची ही धाप वेगळी आहे हे ओळखणार कोण?

आणि दुखणं उसळलं की हृदयावर चहूबाजूंनी मार बसतो. हवा आत अडकून फुप्फुसं फुगतात आणि मधल्या हृदयाला दाबतात. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसाच्या धमन्या आखडतात, उजव्या कप्प्याला त्यांच्याविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. जंतुसंसर्गाने अंगभर दाह पेटतो, रक्त गोठायला टेकतं, धमनीतला जुना चरबीचा थर फुटू शकतो. शिवाय आपण देतो ती वाफ! सालब्युटामॉलने श्वासनळ्या उघडतात तशी नाडीही पळते आणि पोटॅशियम उतरतं. मामाजींची नाडी 128 होती. वाफ दिल्यावर सिस्टर मनगट धरून पूर्ण एक मिनिट मोजायच्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चुकलेले ठोके हातून सुटतात, असं त्यांचं म्हणणं.

शेजारच्या पलंगावर सालेकसा तालुक्यातल्या एक आजी होत्या. बिडीला आयुष्यात हात लावलेला नाही. चूल मात्र लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. गॅस घरात आहे, पण सिलिंडर पाहुण्यांसाठी जपून. त्यांच्या पायावर सिस्टरने अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा, आणि मानेची शीर बसल्या जागी ठसठशीत फुगलेली दिसायची. फुप्फुसाचं ओझं वाहून हृदयाची उजवी बाजू थकली होती. डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीतल्या अशा 127 रुग्णांवरचा अभ्यास 1959 मध्ये प्रसिद्ध केला होता. विड्या-सिगारेटी पुरुष ओढत होते, पण हृदय असं थकलेल्या बायकाही त्यात भरपूर होत्या, आणि बोट चुलीच्या धुराकडे जात होतं. आजींच्या घरात तो धूर अजून आहे.

सहाव्या दिवशी सुट्टी झाली. निघायच्या आधी सिस्टरने मामाजींना पंप मारून दाखवायला सांगितलं. चार वर्षं ते पंप घेत होते. औषध जिभेवर उडत होतं आणि नाकातून परत येत होतं. स्पेसर लावून, सावकाश ओढून, दहापर्यंत श्वास धरून, असं तीनदा करून घेतलं. मग मॅडमनी मला जे सांगितलं त्यासाठी मी तयार नव्हतो. घरी गेल्यावरचा महिनाच सांभाळायचा आहे, त्या म्हणाल्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सोळा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात, दुखणं उसळल्यानंतरच्या 30 दिवसांत हृदयविकार किंवा पक्षाघातासारख्या घटनांचा धोका जवळपास चौपट निघाला. ज्यांना दुखणं उसळल्यामुळे भरती व्हावं लागलं, त्यांच्यात सुमारे दहापट. हे ऐकेपर्यंत सुट्टी म्हणजे संपलं, असं आम्ही धरून चाललो होतो. गाडीही बोलावून झाली होती.

मी घरी रोज सकाळी त्यांची नाडी मोजायला लागलो, पूर्ण एक मिनिट. मामाजी वैतागायचे. "मी का घड्याळ आहो का बाबू?" अकराव्या दिवशी ठोके विस्कळीत लागले, दोन जवळजवळ, मग एक गाळलेला, मग तीन घाईने. छातीत दुखत नव्हतं, धापही वाढलेली नव्हती. तरी नेलं. पट्टी निघाली आणि मॅडमनी एका नजरेत सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. रक्त गोठू नये म्हणून एक गोळी आणि नाडी आवरायला बिसोप्रोलॉल लिहून दिलं. बिसोप्रोलॉलच्या जातीची औषधं दम्याच्या माणसाला चालत नाहीत, असं मी ऐकलेलं होतं. सीओपीडीत हृदयाला गरज असेल तर निवडक औषध चालतं, आणि भीतीपायी ते टाळलं तर नुकसान रुग्णाचंच, हे त्यांनी कागदाच्या मागे लिहूनच दिलं.

मामाजींनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "दम छातीचा," ते म्हणाले, "अन् गोळी दिलाची कायले?"

पुढची तपासणी संक्रांतीनंतर आहे.